यादीत नसलेली माणसं

"आपला टिळक, आपला आगरकर, आपला भांडारकर!" बंड्याने मोबाइल थेट अण्णांच्या चष्म्यासमोर नाचवला. "एका डेक्कन कॉलेजातून एवढी माणसं, अण्णा! आणि ते नदीपलीकडचे सकाळपासून नाचतायत, टिळक फर्ग्युसनचे म्हणून."

नागनाथ पाराजवळच्या आमच्या अमृततुल्यसमोर रविवारी सकाळी हे असंच सुरू होतं. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या-शिकवलेल्या मोठ्या माणसांची ती फॉरवर्ड यादी तोवर सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन गेली होती, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पहिलं म्हणजे, आपला काय? टिळक तुझ्या वर्गात होते?" अण्णांनी बशीतला चहा संपवला. चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस, चूक दिसली की त्यांचा हात अजून खिशातल्या पेनाकडे जातो. "आणि टिळक फर्ग्युसनमध्ये शिकले नाहीत, शिकवायला होते. 1885 साली ते कॉलेज निघालं तेव्हा त्यांची बी. ए. होऊन आठेक वर्षं झाली होती. तुझी यादी बरोबर आहे, त्यांची चूक. पण तू नाचू नकोस. तू डेक्कन कॉलेजात गेलास एकदाच, मॉर्निंग वॉकला, आणि कुत्रं मागे लागलं म्हणून फाटकातून परत आलास."

"टिळकांनी पण कॉलेजचं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं होतं," सुम्या म्हणाला. "बंड्याने तेवढं उचललंय. तब्येत सोडून."

बंड्याचं पोट क्रीमरोलसकट हललं. त्याला अशाने काही होत नाही. त्याला याद्या आवडतात. जगातले दहा श्रीमंत, पुण्यातल्या पाच मिसळी, महाराष्ट्राचे पन्नास सुपुत्र, सगळं त्याच्याकडे असतं आणि सगळं 'आपलं' असतं. त्या यादीत टिळक-आगरकरांपुढे इतिहासकार राजवाडे होते, तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे होते. प्राध्यापक म्हणून संस्कृतचे रा. गो. भांडारकर, मानववंशशास्त्राच्या इरावतीबाई कर्वे, पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया. नावं सगळी खरी. माझी तक्रार एवढीच, की हे सगळे कुणी हाताला धरून न शिकवता आपोआप उगवल्यासारखी ती यादी वाचली जाते.

अण्णांनी तेच धरलं. "मला एक सांग, टिळकांना तिथे गणित कोणी शिकवलं?"

बंड्याने यादी वरखाली केली. "इथे नाहीये."

"नसणारच. केरो लक्ष्मण छत्रे. केरूनाना! स्वतःला विद्यापीठाची पदवी नाही, कारण ते शिकले तेव्हा मुंबई विद्यापीठ निघायचं होतं. ते आलं 1857 साली. केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत काम करत करत गणित-ज्योतिष शिकले आणि इथे येऊन प्राध्यापक झाले. आकाशात ग्रह एकीकडे आणि पंचांगात दुसरीकडे, हे त्यांना बघवेना. म्हणून नवीन गणितानं पंचांग काढलं, पटवर्धनी पंचांग. पुढे टिळक पंचांगाच्या वादात पडले ते काय हवेतून? गुरूच्या घरचीच गोष्ट होती ती."

"पण नाव टिळकांचं झालं ना?" बंड्या म्हणाला. "यादी नाव झालेल्यांचीच असते. तुम्ही उद्या म्हणाल घंटा देणाऱ्या शिपायाचं नाव घाला."

"घालावं की. निदान वेळेवर तरी यायचा. तू आमच्या एकांकिकेत पोलीस होतास, एकच वाक्य होतं, आणि तू एंट्रीच्या वेळी कँटीनमध्ये वडा खात होतास."

"अण्णा, त्याला तीस वर्षं झाली!"

"मी विंगेत उभा होतो. माझ्यासाठी ते कालच झालंय."

यावर सुम्याने पोलिसाची नक्कल केली, मग वडा कुणाच्या पैशाचा होता यावर दहा मिनिटं गेली. (माझ्या पैशाचा होता.)

शुभाताई इतका वेळ गप्प होत्या. त्यांचे वडील डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाच्या कामावर होते हे आम्हाला माहीत होतं, पण त्या त्याबद्दल कधी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बंड्यानेच तार छेडली.

"तो कोश ना? 1948 साली सुरू झाला, पहिला खंड 1976 साली. पस्तीस खंड निघाले तरी गाडी 'अ'वरच! आणि त्याच कॉलेजात शिकलेले वामन शिवराम आपटे बघा. एकट्याने कोश लिहिला, 1890 साली छापून मोकळे, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य, आणि चौतिसाव्या वर्षी गेलेसुद्धा. याला म्हणतात काम!"

खरं सांगायचं तर या मुद्द्याला क्षणभर मलाही उत्तर सुचलं नाही. आपट्यांचा कोश आमच्या घरी आहे, पुठ्ठा सुटलेला, आजही लागतो.

शुभाताईंनी कप खाली ठेवला. "आपट्यांचा कोश शब्दाचा अर्थ सांगतो, बंड्या. हा कोश शब्दाचा जन्म सांगतो. ऋग्वेदात तो कुठल्या अर्थाने आला, ब्राह्मणग्रंथांत काय झाला, वैद्यकात काय, काव्यात काय. त्यासाठी अठराव्या शतकापर्यंतचे दीड हजारांच्या आसपास ग्रंथ घेतले, ते ओळीओळीने वाचले, आणि एकेका शब्दाची चिठ्ठी केली. कोटीच्या घरात चिठ्ठ्या आहेत. हाताने लिहिलेल्या. पंचवीस वर्षं नुसतं तेच चाललं होतं. डॉक्टर कत्र्यांनी ते सुरू केलं, त्यांचं नाव तुझ्या यादीत आहे का बघ."

नव्हतं.

"बाबा रोज सायकलने येरवड्याला जायचे. संध्याकाळी आले की मधल्या बोटाला शाईचा डाग आणि पेन धरून पडलेला घट्टा. आई त्यावर तूप चोळायची. ते गेल्यावर मी एकदा तिथे चिठ्ठ्या बघायला गेले. लोखंडी कपाटं, खणच्या खण भरलेले. तिथल्या बाईंनी एक खण ओढून दिला. चिठ्ठीवर शब्द, मग ती ओळ, ग्रंथाचं नाव, ठिकाण. बस. लिहिणाऱ्याची सही नाही. मी चाळत गेले, आणि मधेच एका चिठ्ठीवर 'ध' दिसला. बाबा 'ध'ची रेघ खाली उगाच लांब ओढायचे, लहानपणी मी त्यांना त्यावरून चिडवायची. मग पुढची चिठ्ठी त्यांचीच, तिच्या पुढचीही. किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या बाईंनी खुर्ची आणून दिली तेव्हा कळलं."

कुणीच काही बोललं नाही. अमृततुल्यवाल्याचा खलबत्ता तेवढा चालू होता, आल्याचा.

मला वाटतं, विद्यापीठ म्हणजे हे. तिथून बाहेर पडून मोठे झालेले पाच-पंचवीस जण हे तिथल्या कामाचं फळ, पण मुळं या चिठ्ठ्यांमध्ये आहेत. सांकलियांचं नाव आपण घेतो आणि घ्यायलाच हवं, 1939 साली ते आले आणि महाराष्ट्राची प्रागैतिहासिक बाजू त्यांनी उघडून दाखवली. पण नेवाशाच्या, इनामगावच्या उत्खननात उन्हात बसून खापराचा तुकडा न् तुकडा धुऊन, त्यावर नंबर घालणारी पोरं होती. त्या नंबरांवर प्रबंध उभे राहिले.

"आणि 1934 साली सरकारने हे कॉलेज बंदच करून टाकलं होतं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "1821 साली विश्रामबागवाड्यात, पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेच्या पैशातून सुरू झालेली पाठशाळा ही. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून येरवड्याला इमारत उभी राहिली. आणि एक दिवस कुलूप. तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले, पाच वर्षं भांडले, म्हणून 1939 साली संशोधनाची संस्था होऊन ते परत उघडलं. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? माजी विद्यार्थी म्हणावं तर त्यांना. उघडलं नसतं, तर इरावतीबाई तिथे कुठून येणार होत्या, आणि हिचे बाबा सायकल कुठे लावणार होते?"

"पण अण्णा, मग यादी करायचीच नाही का?" बंड्याने विचारलं. या वेळी तो नाचत नव्हता. हेही सांगितलं पाहिजे, बंड्या फॉरवर्डबहाद्दर असला तरी मनाचा स्वच्छ आहे.

"कर ना. मोठी कर. शिकवणाऱ्यापासून सुरू कर."

बंड्या लगेच मोबाइलवर वाकला. दोन्ही अंगठे चालू झाले. "टिळकांच्या वर टाकतो. टिळकांचे गुरू, महान गणितज्ञ... पाठवलं!"

अर्ध्या मिनिटात त्याचा मोबाइल वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. बंड्याचा चेहरा पडला. सुम्याने मोबाइल ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला, "टिळकांचे गुरू, महान गणितज्ञ कोरोनानाना छत्रे. खाली कोणीतरी विचारलंय, त्या काळी लस होती का?"

शुभाताईंना हसताना ठसका लागला. अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले, खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "आण इकडे तो मोबाइल, प्रूफ बघतो." आणि स्क्रीनवर खरोखरच पेन टेकवलं. बंड्या ओरडला, "अण्णा, ओरखडा पडेल! नवीन आहे!" तेवढ्यात चहावाल्याने सहा चहा आणि तीन क्रीमरोलांचा हिशोब सांगितला, आणि तिन्ही रोल कुणी खाल्ले यावर पुन्हा त्या वड्यापासून सुरुवात झाली.