‘द्यायचीच असेल तर उपाशीपोटी द्या’ म्हणे!

भाचीचं बाळ दोन महिन्यांचं, लिव्हरमध्ये हेमॅन्जिओमाच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, बऱ्याच गाठी. तिच्या फोनवर हा मेसेज आला: "रक्ताची गाठ आपोआप विरते. डॉक्टर बीपीची गोळी देऊन बाळाचं हृदय मंद करतात. द्यायचीच असेल तर पहाटे उपाशीपोटी द्या. थायरॉइडची तपासणी म्हणजे नुसतं बिल. बाळगुटीने रक्त शुद्ध होतं."

आधी ते उपाशीपोटीचं, कारण त्याने जीव जाऊ शकतो. मेसेजमधली ‘बीपीची गोळी’ म्हणजे प्रोप्रानोलोल, या गाठींवरचं औषध. त्यामुळे लिव्हरमधून रक्तात साखर सोडण्याचं काम मंदावतं. तान्ह्या बाळाकडे साठा असतो तो किती! शिवाय साखर उतरली की छाती धडधडते, अंग थरथरतं. या खुणाही हेच औषध झाकतं. उरतो घाम, गार अंग, सुस्ती, दूध न ओढणं, आणि मग थेट आकडी. म्हणून डोस दूध पाजताना किंवा पाजल्या पाजल्या. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, तर तो डोस गाळायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. राहिलेला डोस पुढच्यात मिसळायचा नाही.

गोळी किती मिलिग्रॅमची तेही पाहा. 4 किलोच्या बाळाला रोज किलोमागे 2 मिलिग्रॅम लिहिले असतील तर दिवसाचे 8, म्हणजे दोन वेळा 4-4. 10 ची गोळी 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर 4 मिलिलिटर. त्याच पाण्यात चुकून 40 ची पडली, तर तेवढ्याच सिरिंजमधून 16 जातात.

हृदय मंद होतं? नाडी उतरते, खरं आहे. म्हणून तर डोस हळूहळू चढवतात आणि पहिल्या डोसनंतर दोन तास नाडी-बीपी बघतात. पण मोठ्या गाठींतून रक्त भसाभस वाहतं, ते ओढून ओढून हृदय दमतं, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. प्रोप्रानोलोलने अशा गाठी आटतात, हा गुण 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी टिपला. 2015 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधल्या 460 बाळांच्या चाचणीत सहा महिन्यांनी औषधाच्या पूर्ण डोसवर 60 टक्के बाळांच्या गाठी जवळपास गेल्या, खोट्या औषधावर 4 टक्के. त्या गाठी कातडीवरच्या होत्या, कबूल. पण लिव्हरमधल्या अशा अनेक गाठींची पेशी तीच.

‘आपोआप विरते’ हे अर्धं खरं. जन्मतःच पूर्ण वाढलेली एकटी गाठ बहुधा वर्षभरात आटते आणि तिला हे औषध फारसं लागूही पडत नाही. अनेक गाठी मात्र पहिले काही महिने वाढतात. विरतील तेव्हा विरतील, तोवर हृदयाचं काय? बाळाच्या कातडीवर पाच किंवा जास्त लाल गाठी दिसल्या तर लिव्हरची सोनोग्राफी करायची ती याचसाठी.

थायरॉइडचं ‘बिल’: या गाठी थायरॉइडचं हार्मोन मोडणारं एन्झाइम स्वतः बनवतात. जन्मावेळची तपासणी नॉर्मल आली तरी गाठी वाढल्या की हार्मोन घसरतं, आणि त्यावर बाळाचा मेंदू वाढत असतो. टीएसएच, फ्री टी-4 या थायरॉइडच्या रक्ततपासण्या पुन्हा पुन्हा कराव्याच लागतात.

बाळगुटीने या गाठी जात नाहीत. आणि ती मधात उगाळणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नको.