"इतकं पटत होतं तं सोडलं कायले?"

आज त्रिमूर्तीनगरला एका वास्तूला गेलो होतो. पंगतीत एका काकूंनी पंधरा माणसांसमोर आमच्या ताईला विचारलं, "इतकं पटत होतं तं सोडलं कायले बाप्पा?" ताई हसली, मठ्ठा प्यायली. मी मात्र तेव्हापासून धुमसून राहिलोय.

तर ऐका काकू. (फेसबुकवर आहात, माहीत आहे मला.)

ताई-भाऊजींनी घटस्फोटाचं सगळं आमच्या डायनिंग टेबलवर मिटवलं. तीन रविवार. समोर तर्री पोहे आणि पोरीची रफ वही. दागिने ताईचे, त्यावर बोलणंच नाही, फ्लॅटचं लोन, पोरीची फी, दिवाळी एकाआड एक, सगळं शांतपणे झालं आणि अडलं कुठे तर कूलरवर! नागपूरचा मे आहे बाप्पा, अर्धा तास खडाजंगी, शेवटी आई ओरडली की पोरगी झोपेल तिथे कूलर जाईल. लिहिलं वहीत.

हो, कोर्टात जावं लागतंच, वहीने घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायदा, कलम 13-ब, आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांचा एकत्र अर्ज, सहा महिन्यांनी पुन्हा उभं राहून 'हो, पाहिजे' म्हणायचं. 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते सहा महिने माफही होऊ शकतात, वकिलांनी विचारलं, ताईच म्हणाली राहू द्या, घाई कायची. पण जजसमोर भांडायला काही उरलंच नव्हतं ना! आणि आमच्याच एका नातलगाची केस चालू झाली तेव्हा पोरगं पहिलीत होतं, आता दहावीत आहे, त्यांना पंगतीत कोणी काही विचारत नाही, उलट 'बिचारे लढून राहिले'!!

मारहाण असेल, कोणी पैसा लपवत असेल तर टेबलबिबल सोडा, सरळ पोलीस आणि वकील. मान्य. इथे तसं नव्हतं. जमत नव्हतं, बस. तुम्हाला तमाशा पाहायचा होता, तो झाला नाही, हेच दुखून राहिलं.

जाऊ द्या, जास्त बोललो. त्या वर्षी आईला आठवडाभर डबा याच काकूंनी पाठवला होता, तेही खरं आहे.

मागच्या एप्रिलात भाऊजी (आता काय म्हणायचं माहीत नाही, मी भाऊजीच म्हणतो) पोरीला सोडायला आले आणि शर्टाच्या बाह्या वर करून कूलरच्या ताट्या बदलायला बसले. ताई पाइप धरून उभी. पंप कोणामुळे जळला यावरून दोघं मस्त भांडून राहिले होते.