आईची धडधड

आईच्या छातीत पहिल्यांदा धडधडलं, तेव्हा मी 'ई' वाजवत होतो. पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

संध्याकाळची वेळ. आई तिच्या ठरलेल्या खुर्चीत, भिंतीला पाठ टेकून मेथी निवडत होती. मी हॉलच्या मधोमध स्टुलावर, मांडीवर बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. गिटारची वायर होम थिएटरच्या सबवूफरमध्ये, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरमध्ये खोचलेली, कारण ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घ्यायचा नव्हता. म्हणजे घ्यायचा होता, पण त्याचे पैसे नव्हते. तर मी 'ई'ची तार छेडतोय आणि मला काही ऐकूच येत नाही. बटण थोडं फिरवलं. तरी नाही. आणखी फिरवलं. आई म्हणाली, "अरे, छातीत कसंतरीच होतंय."

पुढचा तास कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेला. इसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली, तळकट बंद केलं. चतुर्थीचे साबुदाणा वडे गेले. चौथ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तीच खुर्ची, आणि आई म्हणाली, "झालं बघ सुरू." मी घाबरून वाजवायचं थांबवलं. "थांबलं," आई म्हणाली. मला शंका आली. पुन्हा वाजवलं. "होतंय." थांबवलं. "गेलं." मुलाच्या बोटाचं आणि आईच्या काळजाचं असं थेट कनेक्शन मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रात्री हिशेब मांडला. बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे 'ई', सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. हवेत तिची एक लाट साधारण २८ फूट लांब होते. आमचा हॉल १४ फूट. बरोब्बर निम्मा. असं झालं की लाट दोन भिंतींमध्ये अडकून बसते. भिंतीपाशी तिचा जोर सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. मध्यावर मी, भिंतीशी आई. बिल्डरने बाल्कनी दोन फूट कमी दिली होती, पार्किंग तर अजून द्यायचंय, पण हॉल मात्र 'ई'च्या सुरात बांधून दिला होता.

आता हा उपद्व्याप मी चव्वेचाळिसाव्या वर्षी का सुरू केला, तर ऑफिसातल्या चौघांनी बँड काढला. गिटारवर दोघं आधीच होते, की-बोर्डला एक, ड्रमला एक. "तुला काय येतं?" म्हणाले. म्हटलं, काही नाही. "मग बेस घे. चारच तारा असतात." अकोल्याच्या मामाला फोनवर सांगितलं की बेस गिटार घेतली. ते म्हणाले, "बेस गिटार? मंग बाकीच्या काय बेकार असतात का बाप्पा?" वऱ्हाडात बेस म्हणजे उत्तम. माझ्या वादनाला ते विशेषण लावणारा आजवर तेवढा एकच माणूस भेटला, आणि त्यानेही ते ऐकायच्या आधी लावलं.

सबवूफर आईने बंद केला. मग भाच्याचा गिटारचा ॲम्प आणला. १० वॅटचा, डब्याएवढा. गिटारच्या ॲम्पवर बेस वाजवू नये असं म्हणतात, ते का, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. खालच्या सुराला स्पीकरच्या कागदाला बरंच पुढे-मागे पळावं लागतं. त्या बिचाऱ्याला तशी सवय नव्हती. समोरची जाळी काढून बघितलं तर शंकू धापा टाकत होता. आवाज येत होता तळलेल्या पापडावर कुणी बसल्यासारखा. भाच्याने ॲम्प परत नेला आणि जाताना "मामा, तुम्ही हार्मोनियम का नाही शिकत?" असं विचारलं.

मग दुकान. दुकानातल्या मुलाचं वय माझ्या पहिल्या नोकरीपेक्षा कमी असावं. "किती वॅटचा दाखवू सर?" मी म्हटलं, आमच्या घरी पूर्वी टेपरेकॉर्डर होता, त्यावर १००० वॅट लिहिलेलं होतं. तो समजूतदारपणे हसला. "ते पीएमपीओ, सर. नुसता फुगवलेला आकडा." माझं अर्ध बालपण त्या हजार वॅटच्या रुबाबात गेलं होतं. वाड्यात सगळ्यांना सांगायचो. ते सगळं पीएमपीओ निघालं.

त्याने एक १५ वॅटचा दाखवला, एक २५ चा, एक ४०, एक १००. प्रत्येकावर त्याने स्वतः वाजवून दाखवलं, अंगठ्याने ताडताड. त्याच्या हातात सगळे छान वाजले. माझ्या हातात सगळे सारखे वाजले. "घरी वाजवायचा असेल तर १५ भरपूर," तो म्हणाला, "पण ड्रम असेल तर नाही पुरणार." आमचा ड्रमर ऑफिसात अकाउंट्सला आहे आणि वर्षभराचा राग शनिवारी काढतो. म्हटलं, मग ३० घेतो, दुप्पट आवाज. तो म्हणाला, "तसं नसतं सर."

तसं नसतं हे मला त्याने पटवून दिलं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनी वाढतो, म्हणजे ऐकणारा 'जरा वाढवलाय का?' असं विचारतो, तेवढाच. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. त्यातून माणसाचा कान खालच्या सुरांच्या बाबतीत आधीच बहिरट. म्हणून गिटारवाला ३० वॅटमध्ये छप्पर उडवतो आणि त्याच्या बरोबरीने उभं राहायला बेसवाल्याला दोन-तीनशे लागतात. एवढं करून श्रोते म्हणणार, गिटार काय छान वाजली!

हा अन्याय जुना आहे. गिटारी बनवणाऱ्या अमेरिकेच्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन नावाची बेस गिटार काढली आणि पुढच्याच वर्षी खास तिच्यासाठी बेसमन नावाचा ॲम्प. तो गिटारवाल्यांना इतका आवडला की त्यांनीच पळवला. पुढे लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानातला पहिला ॲम्पही त्याच्याच नकाशावरून बनला. म्हणजे जगभरच्या गिटारवाल्यांचा तो गडगडाट मुळात आमच्या ताटातला. आम्हाला १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी नावाचा ॲम्प दिला, ३०० वॅट, दहा इंची आठ स्पीकर. नुसतं वरचं डोकंच, म्हणजे स्पीकर सोडून उरलेला ॲम्प, ३५ किलोंच्या पुढे, आणि खालच्या खोक्याला लोक फ्रिज म्हणतात. आमचा हॉल बघता एक तर तो फ्रिज राहिला असता किंवा आमचा, आणि आमच्या फ्रिजमध्ये दूध असतं.

वजनाचं मी गंमत म्हणून सांगत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक सेकंडहँड ॲम्प बघायला गेलो होतो, १५ इंची स्पीकरचा, जुना, दणकट. मालक म्हणाले, "घरातच वापरलाय." उचलून बघा म्हणाले. उचलला, आणि त्याच घरातून तो खाली उतरवताना त्यांचं कसं होणार होतं याचा विचार करत परत ठेवला. जाळीच्या आत शंकूला सेलोटेप लावलेली दिसली. "ते ओरिजिनल आहे," म्हणाले.

घरी बायकोचे प्रश्न वॅटबद्दल नव्हते. "ठेवणार कुठे?", "वॉशिंग मशीनचं काय झालं?" आणि "याच्या आत दुसरं काही ठेवता येतं का?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असल्याने पहिले दोन अवघड झाले. माझं बजेट १५ हजार. दुकानात मनात भरला तो फेंडरचा रंबल ४०. दहा इंची स्पीकर, वजन जेमतेम ८ किलो, हेडफोनला जागा, आणि मागे साउंडवाल्याला थेट वायर द्यायची सोय. किंमत बजेटच्या जवळजवळ दुप्पट. दोन महिने मी तो रोज मोबाइलवर बघायचो. तरुणपणी असं एखाद्या मुलीच्या बाबतीत व्हायचं, तेव्हाही किंमत परवडत नव्हती. शेवटी एका परदेशी निघालेल्या मुलाकडून वापरलेला मिळाला, १६ हजारात. वरचे हजार बायकोला अजून माहीत नाहीत. हा लेख ती वाचणार नाही.

घरी हेडफोन. त्यामुळे आईची धडधड बंद, इसीजीची भीती गेली. पण आठवड्यातून एकदा तरी खोक्यातून ऐकावंसं वाटतंच. एकदा तसं वाजवलं आणि दोन दिवसांनी खालच्या काकू जिना चढून आल्या. हातात स्टीलचा डबा. "घरघंटी घेतलीत वाटतं! मला आवाज येतो ना स्लॅबमधून. दोन किलो ज्वारी आहे, जाडसर दळा." मी बघतच राहिलो. आईने मात्र डबा ठेवून घेतला, काकूंना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी मला गिरणीत पाठवलं. त्यानंतर मी ॲम्प जमिनीवर ठेवत नाही. खाली लग्नातला पाट, पाटावर जुनी गादी, त्यावर तो. काकूंनी परवा विचारलं, "बिघडली का घरघंटी?"

पहिला कार्यक्रम एका कॅफेत. पंचवीस माणसं, त्यातली अकरा आमच्या नात्यातली. ॲम्प चालू केला आणि गुंऽऽ असा आवाज सुरू झाला. मी एका बोर्डात, मिक्सर दुसऱ्या बोर्डात, दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या वाटेने, आणि आमच्यामधल्या वायरीतून ती गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ४९ ला हार्मोनियमची पांढरी पाच, म्हणजे ही गुणगुण पांढरी पाच, किंचित चढी. गाणं चाललेलं काळी दोनमध्ये, त्यामुळे कुणीतरी चुकीचा तानपुरा घेऊन बसल्यासारखं वाटत होतं. आमच्या गायकाने पुढचं गाणं पांढरी पाचमध्ये घेतलं. एकदम सुरेल झालं. टाळ्या पडल्या. मध्यंतरात सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावलं तेव्हा तो तानपुरा थांबला, आणि खरं सांगायचं तर नंतरचा कार्यक्रम जरा फिका वाटला.

एवढ्या अनुभवानंतर सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं ठरलं. दहाला बंद करायचं असतं, म्हणून आठला सुरू. मी आठ किलोंचा ॲम्प एका हाताने, रुबाबात, तीन मजले उतरवून आणला. मंडपात साउंडवाला होता. त्याचे स्पीकर माणसापेक्षा उंच, एकावर एक. त्याने माझ्या ॲम्पकडे बघितलं, मागे वायर खोचली आणि म्हणाला, "दादा, तुमचा डबा बंदच ठेवा. मी इकडून देतो." म्हटलं, मला ऐकू कसं येणार? "येईल येईल." मग सूत्रसंचालकांनी सत्काराचे नारळ आणि शाली ठेवायला जागा शोधली आणि ती त्यांना सापडली. ४० वॅट, दहा इंची, वर सात नारळ.

दोन तास वाजवलं. आर. डीं.च्या गाण्यांवर टोनी वाझ या गोवेकर बेसवाल्याची बोटं कशी पळत असतील हे आठवत, त्याच्या एक दशांश पळवली. साउंडवाला मध्येमध्ये अंगठा दाखवत होता, मला की चहावाल्याला ते कळत नव्हतं. कार्यक्रम संपला, नारळ उचलले, ॲम्प घेतला, वर आलो. आई पहिल्या रांगेत बसली होती, स्पीकरच्या बरोब्बर समोर. पाय सोडून बसत ती म्हणाली,

"छान झालं हो. मला आज छातीत काहीसुद्धा झालं नाही. तू वाजवत होतास ना रे?"