गॉसिनीला एका ओळीत उरकलंत!

ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिकवरचा तुमचा लेख आवडला, पण त्याचं सगळं कौतुक चित्रकार उदेर्झोच्या पदरात टाकलंत आणि लेखक रने गॉसिनीला एका ओळीत उरकलंत, हे काही पटलं नाही. १९२६ साली पॅरिसला जन्म, बालपण ब्युनोस आयर्सला, मग न्यूयॉर्कमध्ये काम शोधत वणवण. गंमत म्हणजे पठ्ठ्या स्वतःच चित्रकार व्हायला निघाला होता! पुढे लकी ल्यूक या काउबॉय कॉमिकला खरा खट्याळपणा दिला तो यानेच. १९५६ मध्ये लेखक-चित्रकारांच्या हक्कांसाठी सहकाऱ्यांना एकत्र केलं म्हणून हातचं काम गेलं. तीन वर्षांत मित्रांसोबत 'पिलोत' साप्ताहिक काढलं आणि ॲस्टेरिक्स त्यातच अवतरला.

१९७७ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी, डॉक्टरांकडे हृदयाची स्ट्रेस टेस्ट चालू असतानाच गेला. ॲस्टेरिक्सच्या बेल्जियमच्या गोष्टीची चित्रं तेव्हा अर्धवट होती. उदेर्झोने उरलेल्या पानांवर आभाळ करडं केलं, पाऊस लावला. तो अंक मी रद्दीवाल्याकडून घेतला होता. मधूनच पाऊस का सुरू झाला, हे कळायला मला वीस वर्षं लागली.