उजवी लेन मोकळी ठेवायची असते

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कोंडी झाली की संध्याकाळपर्यंत फेसबुकवर ट्रकवाल्यांच्या नावाने शिमगा सुरू होतो. ट्रक मधल्या लेनमध्ये घुसतात हे खरंच आहे, त्यावर पुढे येतोच. पण कळंबोली ते किवळे या ९४.५ किलोमीटरमध्ये वाहतुकीचा सगळ्यात मोठा विचका करणारा माणूस कारमध्ये बसलेला असतो. तो बेदरकार वगैरे अजिबात नसतो. सीटबेल्ट लावलेला, फोन बाजूला ठेवलेला, ८५-९० च्या वेगाने सगळ्यात उजव्या लेनमधून निवांत चाललेला असतो आणि खालापूर टोलनाका येईपर्यंत तिथून हलत नाही.

हिशेब साधा आहे. डावी लेन जड वाहनांची, मधली कारची, उजवी फक्त पुढे जाण्यापुरती. ओव्हरटेक संपला की मधलीत परत यायचं. तुमचा वेग ८० असो की १००, त्याने यात काही फरक पडत नाही. पण आपल्याकडे ओव्हरटेकचा अर्धाच भाग शिकवतात. उजवीकडे निघायचं सगळ्यांना येतं, डावीकडे परतायचं कुणी सांगितलेलंच नसतं. लायसन्सच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी आठ काढायचा, चढावर गाडी उचलायची, रिव्हर्स घ्यायचा. शंभरच्या वेगात लेन कशी बदलायची हे ना परीक्षेत, ना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.

यावर हमखास येणारं उत्तर: "मर्यादा १००, मी १०० ने चाललोय, मागच्याला आणखी कुठे जायचंय?" एक तर स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्तच दाखवेल असा बनवतात. खऱ्यापेक्षा कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही. म्हणजे काट्यावर १०० असताना प्रत्यक्षात तुम्ही बहुधा ९५ च्या आसपास असता. दुसरं, मागच्याच्या वेगाचा बंदोबस्त करायला कॅमेरे आहेत, ते काम तुमच्याकडे कुणी दिलेलं नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही हलला नाहीत म्हणून मागचा थांबत नाही. तो डावीकडून निघतो. तुमची कार आणि मधल्या लेनमधला ट्रक यांच्या मधल्या फटीतून ११० ने घुसतो, तुमच्या डाव्या आरशात क्षणभरच दिसतो आणि पुढच्या ट्रकच्या शेपटीला चिकटण्याआधी तुमच्या बॉनेटसमोर उजवीकडे कट मारतो. चूक त्याचीच, शंभर टक्के. पण तुम्ही मधलीत असतात, तर ही कसरत करायची वेळच त्याच्यावर आली नसती. दोन बाजूंनी ओव्हरटेक होऊ लागले की कोणता आरसा कधी बघायचा याचा काही नेमच उरत नाही, आणि तिथून पुढे सगळा रस्ता नशिबावर चालतो.

मग परतायचं कधी? दर ट्रकनंतर आत-बाहेर करत राहिलात तर तोही त्रासच. आकड्यात बघू. तुम्ही १०० ने, मधल्या लेनमधला ट्रक ६० ने. फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. मागचं सुरक्षित अंतर, ट्रकची लांबी आणि पुढचं अंतर मिळून साधारण ११५ ते १२० मीटर कापायचे असतात, म्हणजे दहा-अकरा सेकंद. तेवढ्यात तुमची गाडी ३०० मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते. आता पुढचा ट्रक जर ३०० मीटरपेक्षा लांब असेल, तर मधलीत आल्यावर तुम्हाला निदान २० सेकंद मोकळी मिळतात. तेवढी पुरेत, परत या. ट्रकांची रांगच लागली असेल तर रांग संपेपर्यंत उजवीत राहा, पण रेंगाळू नका. ६२ ने जाऊन ६० च्या ट्रकला ओव्हरटेक करण्यात काही अर्थ नाही. मागून कुणी झपाट्याने येत असेल तर रांगेत जागा दिसताच आत या, त्याला जाऊ द्या, पुन्हा निघा.

लेन बदलतानाचा क्रम असा: आधी आतला आरसा, मग त्या बाजूचा आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, आणि शेवटी स्टिअरिंग. इंडिकेटर किमान चार-पाच वेळा लुकलुकू द्या, तीन सेकंद होतात. बऱ्याच नव्या गाड्यांत दांडीला नुसता स्पर्श केला की तीनदाच लुकलुकून बंद होतो, तेवढ्यात मागच्याच्या लक्षात येत नाही. दांडी पूर्ण खाली-वर करा. इंडिकेटर ही विचारणा असते. दिला म्हणजे जागा आपली झाली, असं नाही. डावीकडे परतताना मागच्या ट्रकचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात पूर्ण दिसले पाहिजेत. बाहेरच्या आरशावर विसंबू नका, तो बहिर्गोल असतो आणि त्यात सगळं आहे त्यापेक्षा लांब दिसतं. ट्रकच्या नाकासमोर वीस मीटरवर शिरलात तर त्याला ब्रेक मारावा लागतो, आणि भरलेला ट्रक तुमच्या कारच्या अंतरात थांबत नाही.

आता ट्रक. ते डावी लेन का सोडतात? बेशिस्त आहे, आहेच. पण डाव्या लेनमध्ये काय काय असतं तेही बघा. बंद पडलेला टेम्पो, टायर बदलणारा ट्रेलर, शेडुंगला किंवा तळेगावला चढणाऱ्या गाड्या, चहासाठी शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्ट्यावर, अर्धवट लावलेली वाहनं. आणि वेगनियंत्रकामुळे बहुतेक ट्रकांना ८० ची वेसण. त्यातही भरलेले आणखी हळू: एक ६० ने चाललाय, दुसरा ५७ ने. तीन किलोमीटरच्या फरकाने एका ट्रकने दुसऱ्याला ओव्हरटेक करायचं म्हणजे दोघांच्या लांब्या आणि मागचं-पुढचं अंतर धरून ६५ मीटर, सेकंदाला ८० सेंटिमीटरच्या गतीने. सव्वा मिनिटाहून जास्त वेळ आणि सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता! तेवढा वेळ मधली लेन अडते आणि सगळ्या कार उजवीत ढकलल्या जातात. इथे खरं तर मागे पडणाऱ्या ट्रकनेच पाच सेकंद पाय सैल सोडायला हवा, पण ५७ वरून खाली आलेला भरलेला ट्रक पुन्हा ५७ ला न्यायला किती वेळ आणि किती डिझेल लागतं हे चालवणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून पुढे ट्रकमागे ट्रक चिकटत चाललेला दिसला की समजून जा, मागचा आता बाहेर निघणार. डिपर मारत जागा अडवण्यापेक्षा आधीच पाय उचला नाहीतर उजवीत जा. आणि ट्रकच्या बरोबरीने रेंगाळू नका, विशेषतः त्याच्या डाव्या अंगाला. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

बोरघाटात हिशेब बदलतो. चढाला भरलेले ट्रक १५-२० ने चढतात, त्यामुळे मागून येणाऱ्या कारचा आणि त्यांचा वेगफरक प्रचंड होतो. वळणापलीकडे मधल्या लेनमध्ये काहीतरी जवळजवळ उभंच असणार असं धरूनच चाला. सलग रेघ असेल तिथे लेन बदलायचीच नाही, डावी-उजवी कुठलीच. पुण्याहून मुंबईकडे उतरताना ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल वापरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे ट्रक अजूनही असतात. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतात, लायनिंग पकड सोडते, आणि मग पायाखाली पेडल असून नसल्यासारखं. म्हणून उतारावर ट्रकच्या पुढे शिरून ब्रेक मारणं हा शुद्ध आत्मघात आहे. जळक्या लायनिंगचा वास आला किंवा पुढच्या ट्रकच्या चाकांतून धूर दिसला, तर अंतर वाढवा आणि त्याच्या समोर तर चुकूनही जाऊ नका.

अंतराबद्दल. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. ते म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर जवळ आहात. शंभरच्या वेगात तीन सेकंद म्हणजे ८३ मीटर. पावसात दुप्पट. "एवढी जागा सोडली की कुणीतरी घुसतं" ही तक्रार खरी आहे. घुसू द्या, पुन्हा तीन सेकंद मागे व्हा, एका गाडीमागे दोन-तीन सेकंद जातात एवढंच. हे अंतर नसल्याने नुसते अपघातच होतात असं नाही, कोंडीसुद्धा होते. जपानमध्ये संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना अडथळा, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि लाटेसारखी मागे सरकत गेली. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. रविवारी संध्याकाळी "अपघात नाही, काही नाही, मग थांबलो कशाला होतो?" याचं उत्तर बरेचदा हेच असतं. पुढे कुणीतरी कुणासमोर तरी कट मारला, त्याने ब्रेक दाबला, मागच्याने थोडा जास्त दाबला, आणि पन्नासावी गाडी उभी राहिली.

झिगझॅग करणाऱ्यांसाठी एकच आकडा. पूर्ण ९४.५ किलोमीटर १०० ने गेलात तर ५७ मिनिटं, ९० ने गेलात तर ६३. सहा मिनिटं! तीही घाट आणि टोल नसते तर.

रात्रीचं मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. नियम डावीकडे राहा असं सांगतो, आणि समृद्धीवर रात्री रस्ता मोकळा असताना उजवी लेन धरून १२० ने जाण्याचं काहीच कारण नसतं. पण रात्री डाव्या लेनमध्ये, शोल्डरवरून अर्धा आत आलेला, टेललाइट नसलेला ट्रक हा आपल्या महामार्गांवरचा सगळ्यात जीवघेणा प्रकार आहे. शंभरच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, दिसल्यापासून थांबेपर्यंत कारला ९५-१०० मीटर लागतात. लो बीमचा उपयोगी उजेड त्याच्या साधारण निम्म्यावर संपतो. म्हणून रात्री कारने मधली लेन धरणं मला चूक वाटत नाही. पुढे कुणी नसेल तर हाय बीम लावा आणि गाडी दिसली की खाली करा. तेही जमत नसेल तर ८० ने चला.

पाऊस आला, बोगदा आला की चारही इंडिकेटर लावून चालणारे वेगळेच. चारही लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळणार कसं? शिवाय लांबून गाडी उभी आहे की चालतेय, हेही समजत नाही. चालत्या गाडीला हेडलाइट आणि टेललाइट पुरतात. चारही लावायचे ते गाडी बंद पडली तर, किंवा पुढे अचानक सगळं थांबलंय हे मागच्याला दाखवायला, तेवढ्यापुरते.

दंडाचं म्हणाल तर ड्रायव्हिंगचे विनियम २०१७ चे आहेत, ते मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ खाली ५०० ते १००० रुपये. एक्स्प्रेसवेवर आता लेन मोडल्याचंही चलन कॅमेऱ्यावरून घरी येतं. पण उजव्या लेनमध्ये ८५ ने ठाण मांडून बसलेल्या कारला चलन आल्याचं फारसं ऐकू येत नाही. पकडली जाते ती तिला डावीकडून ओव्हरटेक करणारी. माझ्या मते दोघांनाही यायला हवं.

राहिला टोलनाका आणि एक्झिट. टोलची रांग ५०० मीटर आधी ठरवा आणि तिथेच राहा; शेजारची रांग दोन गाड्यांनी पुढे दिसते म्हणून आडवं घुसल्याने दोन्ही रांगा थांबतात. नाक्यातून सुटल्यावर दहा-बारा रांगा पुन्हा तीन लेनमध्ये येतात, तिथे आधी सरळ जा, वेग घ्या, मग लेन निवडा. लोणावळ्याला उतरायचं असेल तर कुसगावच्या एक्झिटआधी दोन किलोमीटरवर मधलीत आणि एक किलोमीटरवर डावीत असायला हवं. उजवीतून तीन लेन तिरक्या कापत एक्झिट गाठणारे दर शनिवारी असतात. आणि एक्झिट चुकली तर चुकली. शोल्डरवरून रिव्हर्स घेऊ नका, मागून येणाऱ्याला तुम्ही पुढेच चाललाय असं वाटतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पुढच्या एक्झिटला उतरा आणि परत या. तीनेक लिटर पेट्रोल आणि पाऊण तास जाईल.