युरोपचं उदाहरण देताय ना, मग लांडग्याचंही ऐका

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरकडच्या आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून बिबट्यावरून एक मेसेज फिरतोच, "परदेशात बघा, प्राणी जंगलात आणि माणसं गावात, सगळं शिस्तीत, आपल्याकडंच हा सावळागोंधळ." मग कुणीतरी मला टॅग करतं, ताई तू सांग तिकडं कसं असतं. तर एकदा सविस्तर सांगूनच टाकते, कारण ग्रुपवर लिहिलं की दोन मिनिटांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.

मी राहते नेदरलँड्समध्ये, आमर्सफोर्टला. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला उट्रेख्टसं हेवेलरुखचं जंगल आहे, आता जंगल म्हंजे काय तर पाइनची झाडं, सायकलचे रस्ते, बसायला बाकडी आणि मधेमधे पॅनकेकची हॉटेलं. माळशेजच्या रानात वाढलेल्या माणसाला हसूच येतं. या देशात जवळपास दीडशे वर्षं लांडगा नव्हता, लोकांनीच मारून संपवलेला. २०१५ ला एक जर्मनीकडून भटकत आला, २०१९ ला वेलुवेच्या जंगलात पिल्लं झाली, आणि तेव्हापासून इथं जी काय बोंबाबोंब चालू आहे ती बघितली की आपली जुन्नरची माणसं साधुसंत वाटायला लागतात.

२०२२ ला वेलुवेतल्या एका पार्कात लांडगा माणसांच्या फार जवळ यायला लागला, तर त्याच्यावर पेंटबॉलची बंदूक झाडायची परवानगी दिली गेली, त्यावर दुसरे लोक कोर्टात गेले, कोर्टानं ते थांबवलं. मग २०२५ च्या जुलैत आमच्या इथून जवळच, डेन ट्रेकच्या रानात, लांडग्यानं सहा वर्षांच्या पोराला धरून ओढलं. पोरगं वाचलं, टाके पडले. पण त्यानंतर त्या लांडग्याला गोळी घालायची परवानगी, त्याच्यावर कोर्टकज्जे, लहान मुलांना घेऊन त्या जंगलात जाऊ नका असा प्रांताचा सल्ला, माझ्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी गप्प बसून सँडविच खात होते. काय बोलणार, आमच्या तालुक्यात अशा बातम्या वर्षातून किती वेळा येतात हे सांगितलं असतं तर त्यांचा घास घशात अडकला असता.

आणि हे फक्त नेदरलँड्सचं नाही. २०२२ मध्येच जर्मनीत युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांची पोनी लांडग्यानं मारली, डॉली नावाची. त्यानंतर कमिशननं लांडग्यांचा सगळा आढावा घ्यायला काढला, डिसेंबर २०२४ ला वन्यजीव संरक्षणाच्या बर्न करारात लांडग्याचं संरक्षण 'कडक' वरून एक पायरी खाली आणलं, २०२५ मध्ये युरोपचा कायदाही तसा बदलला. पोनीमुळंच हे झालं असं मी म्हणत नाही, शेतकऱ्यांचा दबाव आधीपासून होताच, पण योगायोग मात्र झकास आहे. त्याच आढाव्यात लिहिलंय की युरोपात साधारण २० हजार लांडगे आहेत, वर्षाला ६५ हजारांच्या वर जनावरं मारतात, आणि गेल्या ४० वर्षांत लांडग्यानं माणूस मारल्याची एकही नोंद नाही.

एकही नाही. हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला.

कारण आपल्याकडं शिरूरच्या पिंपरखेड भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला, शेवटी बिबट्याला गोळी घातली तेव्हा कुठं गाव जरा शांत झालं, तरी बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. हे पट्ट्यांचे फोटो बघून पुण्यातल्या एका शहाण्यानं फेसबुकवर "गावकऱ्यांमध्ये अवेअरनेस नाही" असं लिहिलेलं मी वाचलं. दादा, तुम्ही या आणि कुकडीच्या चारीवर रात्री एकला मोटर चालू करायला जाऊन दाखवा, मग अवेअरनेसचं बघू.

पण गावाकडच्यांचीही एक गोष्ट मला पटत नाही, आणि ती म्हंजे "पकडा आणि लांब जंगलात सोडा". मागणी ऐकायला बरोबर वाटते, पण हा प्रयोग आपल्याच तालुक्यात होऊन गेलाय. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात धडाधड पिंजरे लावले, बिबटे पकडून दुसरीकडं नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा नंतर हिशेब मांडला तर काय निघालं, आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे ते १७ वर गेले, आणि त्यातले जीवघेणे १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झाले. त्यामागचं कारण समजायला अवघड नाही. पिंजऱ्यात धडका मारून जखमी झालेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की ते तिथं गप बसत नाही, जिथं सोडलं तिथल्या लोकांना त्रास देतं नाहीतर परत फिरतं, आणि इकडं त्याची जागा रिकामी झाली की नवा तरणा बिबट्या येऊन बसतो, ज्याला त्या गावच्या वाटा, वेळा काहीच ठाऊक नसतं. २००९ ला पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला म्हातारा बिबट्या आठवत असेल, अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलेलं. गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला, तर महिन्याभरात साधारण १२० किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कच्या बाजूला पोचला, हायवे ओलांडून, वस्त्यांमधून, कुणाला न दिसता. अशा जनावराला तुम्ही कुठल्या जंगलात 'ठेवणार'?

शिवाय त्याचं घर जंगल आहेच कुठं आता. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, माळरानाचा ऊस झाला. बारा महिने पाणी, डोक्याएवढं दाट पीक, आत वर्षभर माणूस फिरकत नाही, बिबट्याच्या मादीला याहून चांगलं बाळंतपणाचं घर कोण देणार. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अत्रेयांच्याच टीमनं कॅमेरे लावून मोजणी केली, २०१३ ला तो पेपर आला, जिथं चौरस किलोमीटरला ३०० पेक्षा जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास बिबटे निघाले. विष्ठा तपासली तर वजनाच्या हिशेबात ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं, आणि त्यात एकटी कुत्रीच ३९ टक्के. म्हंजे बिबट्या जगतोय आपल्या कुत्र्यांवर, आणि कुत्री जगतात आपल्या उकिरड्यावर आणि पोल्ट्रीवाले ओढ्याला फेकतात त्या मेलेल्या कोंबड्यांवर. अलीकडं वनमंत्र्यांनी जंगलात शेळ्या सोडायची कल्पना मांडली, म्हंजे बिबट्या तिकडंच राहील. आता यावर काय बोलावं, शेळी खाऊन बिबट्या उसात परत यायचा नाही असं त्यानं लिहून दिलंय का?

ऊसतोडीला पिल्लं सापडतात तेव्हा काय करतात हे इथल्या लोकांना सांगितलं तर खरंच वाटत नाही. कोयता चालता चालता पाचटात दोन-तीन मांजराएवढी पिल्लं दिसतात, टोळी तिथल्या तिथं थांबते, मुकादम फोन करतो, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास त्याच फडात, त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांब जाऊन थांबतात. रात्री आई येते, क्रेट पाडते, एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. आणि ज्या शेतकऱ्याच्या शेतात हे होतं तो दुसऱ्या दिवशी उरलेला ऊस तोडायला लावतो, कारण कारखान्याची गाडी आलेली असते. जगात कुठं एवढं सहन करतात हो? इथं नेदरलँड्समध्ये मेंढी मेली की टीव्हीवर येते.

तरी इथल्यांकडून घेण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते दिसायला अगदीच कंटाळवाणं आहे. मेंढी मेली की सरकारी माणूस येऊन जखमेतून नमुना घेतो, डीएनए तपासतात, लांडगा का कुत्रा ते कळतं, कुठला लांडगा तेही कळतं, भरपाई मिळते. विजेच्या कुंपणाला प्रांत पैसे देतात, आणि कुंपणाचंही मोजमाप ठरलेलं, पहिली तार जमिनीपासून २० सेंटीमीटरच्या वर नको, कारण लांडगा उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो. अर्थात इथलेही सगळे शेतकरी कुंपण घालत नाहीत, कटकट म्हणतात, आणि मेलेल्या मेंढ्यांतल्या बहुतेक बिनकुंपणाच्याच असतात. पण पैसे जनावर मरायच्या आधी मागता येतात. आपल्याकडं माणूस गेल्यावर २५ लाख देतात, ते द्यायलाच पाहिजेत, पण गोठ्याला जाळी आणि वस्तीला लाईट यासाठी किती चपला झिजवाव्या लागतात ते तुम्हाला माहितीच आहे.

म्हणून मला वाटतं बिबट्याला वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधून, म्हंजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतून, २ मध्ये टाका ही जी मागणी चाललीय त्यात फार जीव नाही. युरोपनं तेच केलं, ठीक, पण कागदावर यादी बदलल्यानं कुणाची मेंढी वाचली नाही. जो बिबट्या माणसावर आला त्याला आजच्या कायद्यातही मारता येतं, पिंपरखेडला तेच झालं. खरं मागायचं असेल तर शेतीपंपाला दिवसा थ्री फेज मागा, सगळ्यात जास्त माणूस रात्री दारं धरायलाच बाहेर पडतो. आमचे नाना ६८ वर्षांचे आहेत, अजून बॅटरी आणि काठी घेऊन जातात आणि मोबाईलवर मोठ्यांदा भजन लावतात, बिबट्याला कळावं म्हणून.

बिबट्यांच्या नसबंदीचं म्हणाल तर प्रयोग करून बघायला माझी हरकत नाही, थोड्या माद्यांवर करा, कॉलर लावा, आकडे लोकांसमोर ठेवा. पण त्याचा गुण यायला काही वर्षं जातील आणि ऊसतोड यंदाही दिवाळीच्या आसपास सुरू होणार आहे. बीडकडनं टोळ्या येतील, फडाच्या कडेला कोप्या टाकतील, आईबाप पहाटे कोयता घेऊन जातील आणि पोरं कोपीत राहतील. प्रत्येक तळाला सोलरचा दिवा, भोवती जाळी आणि पोरांसाठी एक बंद खोली, हे काम साखर कारखान्यांवर टाका, लेखी, गाळप परवान्याच्या अटीत. याला ना केंद्राची परवानगी लागते ना कुठला नवा अभ्यास.