स्पर्धेच्या दिवसांत सायकल घरी ठेवू नका

शहरात मोठी क्रीडास्पर्धा आली, की एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच: “स्पर्धेच्या काळात सायकल बाहेर काढू नका. रस्ते बंद असतात. सायकल लावायला जागा नसते, लावली तर चोरीला जाते. गर्दीत अपघात होतात, ॲम्ब्युलन्सला अडथळा होतो. मेट्रोनं जा.” लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा सल्ला मानून माणसं सायकल घरी ठेवतात आणि जेव्हा तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, नेमक्या त्याच दिवशी स्टेशनबाहेर ताटकळत उभी राहतात. म्हणून हा संदेश मुद्द्यामुद्द्यानं तपासून पाहायला हवा.

“रस्ते बंद असतात.” असतात, पण कोणासाठी? पॅरिसमध्ये २०२४ च्या ऑलिम्पिकच्या वेळी स्पर्धास्थळांभोवतीच्या भागांना रंग दिले होते. लाल भागात मोटारींना बंदी होती, मोजक्यांना सूट होती. पायी किंवा सायकलवर येणाऱ्याला मात्र पास लागत नव्हता. म्हणजे बंदी होती ती इंजिनाला. अपवादही सांगितला पाहिजे. उद्घाटन सोहळ्याआधीचा आठवडाभर सीन नदीचे काठ करड्या भागात होते आणि तिथे क्यूआर कोड दाखवल्याशिवाय कोणालाच सोडत नव्हते, सायकलस्वारालाही नाही. लंडनमध्ये २०१२ साली ऑलिम्पिक पार्कजवळचा ली नदीकाठचा रस्ता सुरक्षेसाठी बंद ठेवला होता. रोज त्या वाटेनं सायकलवर कामाला जाणारे संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. तेव्हा “काही वाटा सायकललाही बंद असतात, आधी नकाशा पाहा” असं कोणी लिहिलं असतं, तर मी तो संदेश स्वतः पुढे पाठवला असता.

मॅरेथॉनचा दिवस घ्या. ४२ किलोमीटरचा मार्ग शहराचे दोन तुकडे करतो. मोटारीला सगळा वळसा घालावा लागतो, नाहीतर तासन्‌तास थांबावं लागतं. पायी चालणाऱ्यांना मात्र ठरावीक जागी, धावपटूंची रांग विरळ झाली की, पलीकडे सोडतात. सायकलवाला तिथे उतरतो, सायकल हातात धरतो आणि पलीकडे जातो. उतरल्याबरोबर स्वाराचा पादचारी होतो. दुसऱ्या कुठल्याही वाहनाला हे जमत नाही.

“मेट्रोनं जा.” जरूर जा, पण सगळेच गेले तर? सामन्याला लोक दोन-तीन तासांत थोडे थोडे येतात. सुटतात ते एकदम. त्या अर्ध्या तासात स्टेशनच्या तोंडाशी दोर बांधून लोकांना टप्प्याटप्प्यानं आत सोडावं लागतं. पॅरिसमध्ये स्पर्धांच्या काळात मेट्रोचं एकेरी तिकीट २.१५ युरोवरून ४ युरोंवर नेलं होतं आणि काँकॉर्डसारखं मध्यवर्ती स्टेशन बंद होतं. रस्त्याच्या क्षमतेचा हिशोबही बघा. शहरी रस्त्यांच्या आराखड्यांत धरले जाणारे आकडे असे: सुमारे तीन मीटर रुंदीच्या मिश्र वाहतुकीच्या पट्ट्यातून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात, तेवढ्याच रुंदीच्या संरक्षित सायकलमार्गावरून ७,५०० पर्यंत. जो सायकलनं गेला, त्याची डब्यातली जागा ज्याला चालवत नाही अशा कोणाला तरी मिळते. मला हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

“लावायला जागा नसते, चोरी होते.” लंडनमध्ये २०१२ साली स्पर्धास्थळांवर राखणदार असलेली मोफत सायकलतळं होती. पॅरिसनं स्पर्धास्थळं जोडणारे सुमारे ६० किलोमीटरचे सायकलमार्ग केले, जवळपास १०,००० सायकली लावायची तात्पुरती सोय केली आणि ‘वेलिब’ या भाड्याच्या सायकलसेवेत ३,००० सायकलींची भर घातली. जागा मागितली तर होते. मात्र ती सोडून भलतीकडे लावू नका. मी एकदा उशीर झाला म्हणून स्टेडियमच्या कठड्याला सायकल साखळीनं बांधली. परत आलो तर साखळी कापून ती उचलून नेलेली. मनस्ताप झाला, पण बंदोबस्तावरच्या माणसाचं म्हणणं खरं होतं: सुरक्षेच्या कड्यात बेवारस वस्तू ठेवता येत नाही. भाड्याच्या सायकलीची अडचण वेगळी. सामन्याआधी जवळच्या स्टँडवर परत लावायला खाच रिकामी नसते आणि सामन्यानंतर सायकल उरत नाही. दोन स्टँड अलीकडे उतरून चालत जाणं हा यावरचा साधा उपाय.

“गर्दीत अपघात होतात.” संदेशातला हा एकच मुद्दा मला गंभीर वाटतो. दाट गर्दीत माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, लोंढ्याबरोबर सरकतो. तिथे पेडल कोणाच्या नडगीला लागतं, हँडल कोणाच्या पिशवीत अडकतं, आणि एक जण पडला की मागचे त्याच्यावर पडतात. सायकल हातात धरून चालणाराही दोन माणसांची जागा अडवतो. म्हणून चांगलं सायकलतळ दाराशी नसतं, पाच-सात मिनिटं चालावं लागेल इतकं लांब असतं. त्यावरून आयोजकांशी भांडू नका. पण ही काळजी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची आहे. घरापासून तिथवरच्या वाटेवर मोटारी हटवलेल्या असतील, तर ती एरवीपेक्षा सुरक्षितच असते. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरपायी आधीचे पाच का सोडायचे?

“ॲम्ब्युलन्सला अडथळा.” लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेनं २००० साली स्वतःच सायकलपथक सुरू केलं, कारण गजबजलेल्या भागात गाडीच्या आधी सायकलवरचा पॅरामेडिक पोचतो. शिवाय रुंद सायकलमार्ग मोकळा करायला काही क्षण पुरतात, अडकलेल्या मोटारींची रांग हटवायला नाही.

संदेशात ज्यांचा उल्लेखच नाही, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. स्पर्धेच्या दिवशी शहरात फक्त प्रेक्षक नसतात. रात्रपाळीची नर्स असते, स्टेडियम झाडणारे असतात, स्वयंपाकघरातले असतात. बस वळवलेली, शेवटची गाडी निघून गेलेली, आणि त्यांचं काम सामना संपल्यावर सुरू होतं. आयोजकांकडे माझी मागणी त्यांच्यासाठी आहे: सायकलतळ सामना सुटल्यावर तासाभरात कुलूप लावून बंद करू नका. शेवटचा कामगार बाहेर पडेपर्यंत तिथे दिवा आणि एक राखणदार ठेवा.